साहेबांच्या विमानातून मालाच्या विमानात: वैमानिकाने कोणत्या क्रमाने जावे

चार्टरवर किंवा एखाद्या उद्योगसमूहाच्या बिझनेस जेटवर उडणारी कोकणातली बरीच मुले मालवाहू विमानांवर जायचे म्हणून गेली काही वर्षे माझ्या पडवीत फाइल घेऊन येतात. कोणी अलिबागचा असतो, कोणी चिपळूणचा, मध्यंतरी देवगडची एक मुलगी येऊन गेली. प्रत्येकाचे विमान वेगळे आणि उड्डाणाचे तासही वेगळे, पण बहुतेकांनी केलेली चूक एकच असते. राजीनामा आधी देऊन टाकलेला असतो, टाइप रेटिंगचे (ठरावीक प्रकारचे विमान उडवण्याच्या पात्रतेचे) पैसे त्यानंतर भरलेले असतात आणि लॉगबुक (स्वतःच्या उड्डाणांची नोंदवही) सर्वांत शेवटी उघडलेले असते. हा क्रम नेमका उलटा हवा.

खालील टप्पे भारतीय व्यावसायिक वैमानिक परवाना, इन्स्ट्रुमेंट रेटिंग (फक्त उपकरणांच्या आधारे उडवण्याची पात्रता) आणि किमान एका बहुइंजिनी विमानाचे रेटिंग हाती असलेल्या, सध्या नोकरीत असलेल्या वैमानिकासाठी लिहिले आहेत. मी स्वतः किंग एअर या पंख्यांच्या छोट्या विमानावरून मालवाहू विमानांवर गेलो आणि पुढे बरीच वर्षे नव्या वैमानिकांना शिकवले, त्यामुळे जिथे माणसे अडतात तिथेच मी जास्त थांबणार आहे.

## टप्पा १: लॉगबुक आधी साफ करा

विमान कंपनीत शेकडो उड्डाणांची नोंद संगणक करतो आणि ती तपासणारे खाते असते. बिझनेस जेटच्या जगात हे काम वैमानिक स्वतः, बहुधा रात्री हॉटेलात, आठवेल तसे करतो. म्हणून या क्षेत्रातून आलेल्या लॉगबुकाकडे निवड करणारी माणसे जरा संशयानेच पाहतात, आणि त्यांचा संशय अनेकदा खरा ठरतो.

पहिली चूक वेळेची असते. उड्डाणकाळ म्हणजे उड्डाणासाठी विमान स्वतःच्या शक्तीने प्रथम हलल्यापासून उतरून पूर्ण थांबेपर्यंतचा काळ. काही जण चाके जमिनीवरून उचलल्यापासून टेकेपर्यंतची वेळ लिहितात, काही जण दोन्ही पद्धती मिसळतात. विमानाच्या जर्नी लॉगमधली (विमानाच्या स्वतःच्या नोंदवहीतली) वेळ आणि तुमच्या वहीतली वेळ यांत पाच-दहा मिनिटांचा फरक शंभर ठिकाणी दिसला, की तपासणारा उरलेल्या नोंदींवरही विश्वास ठेवत नाही.

दुसरी चूक तारखेची. पहाटे दोन वाजता मुंबईहून निघालेले विमान जागतिक वेळेनुसार आदल्या दिवशी रात्री साडेआठला निघालेले असते. वहीत काही पाने भारतीय वेळेने आणि काही जागतिक वेळेने भरली असतील, तर जर्नी लॉगशी ताळमेळ कधीच बसत नाही. एक पद्धत ठरवा आणि जुन्या नोंदी त्याच पद्धतीने तपासा.

तिसरी चूक इन्स्ट्रुमेंटच्या रकान्यात होते. फ्लाइट प्लॅन आयएफआर, म्हणजे उपकरणांवरील उड्डाणाच्या नियमांखालचा, होता म्हणून पूर्ण दोन तास दहा मिनिटे त्या रकान्यात लिहिणारे मी कितीतरी पाहिले आहेत. जानेवारीच्या निरभ्र आकाशात मुंबई ते नागपूर हे सगळे अंतर उपकरणांवरच उडवले असे सांगणाऱ्याला मुलाखतीत पुढचा प्रश्न काय येईल, ते वेगळे सांगायला नको. बाहेरचा संदर्भ नसताना फक्त उपकरणांवर उडवलेला वेळच तिथे जातो, आणि सिम्युलेटरचे तास स्वतंत्र राहतात.

चौथी चूक सर्वांत महाग पडते. एका वैमानिकाकरिता प्रमाणित असलेल्या, परंतु देशाच्या नियमामुळे दोन वैमानिकांनी उडवाव्या लागणाऱ्या विमानात को-पायलट म्हणून बसलेल्या माणसाला, वरच्या दर्जाच्या परवान्यासाठी त्या तासांपैकी निम्म्याहून अधिक तास धरता येत नाहीत. आयकाओ या आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या परिशिष्ट १ मध्येच तशी तरतूद आहे. किंग एअर बी-२०० आणि सायटेशन जेटच्या ५२५ मालिकेतली विमाने याच प्रकारात मोडतात. गेल्या जूनमध्ये आलेल्या एका मुलाच्या वहीत एकूण १,५४० तास होते आणि एटीपीएलला (कमांडसाठी लागणाऱ्या सर्वांत वरच्या वैमानिक परवान्याला) लागणारे १,५०० पूर्ण झाले म्हणून तो आनंदात होता. त्यांपैकी ४६० तास किंग एअरवर उजव्या खुर्चीतले होते. ते निम्मे करताच एकूण १,३१० उरले. त्याने तोवर राजीनामा लिहून ठेवला होता, फक्त पाठवला नव्हता, हे त्याचे नशीब.

चुकीची नोंद खोडून वर लिहू नका. एक रेघ ओढा, शेजारी योग्य आकडा लिहा, सही आणि तारीख घाला. कागदी वही आणि ईजीसीएवरची (डीजीसीए या सरकारी विमान वाहतूक नियामकाच्या संकेतस्थळावरची) नोंद यांतील आकडे एकसारखे असले पाहिजेत.

इशारा: नोंदींवर सही करण्याचा अधिकार असलेला माणूस तुम्ही नोकरीत असतानाच सापडतो. नोकरी सोडल्यावर तो फोन उचलेल याची खात्री नाही, आणि छोट्या कंपनीत तोपर्यंत तो स्वतःच दुसरीकडे गेलेला असतो. प्रत्येक पानाची सही आणि शिक्का आधी घ्या.

कोकणापुरती सूचना: मृगाचा पाऊस लागण्याआधी सर्व पाने स्कॅन करून दोन ठिकाणी ठेवा. लाकडी कपाटात पावसाळाभर राहिलेल्या एका वहीची पाने माझ्यासमोर उलगडली तेव्हा बुरशीने करड्या झालेल्या दोन पानांवरची शाई ओळींच्या बाहेर पसरली होती, आणि नेमके तिथेच रात्रीच्या उड्डाणाचे तास होते.

## टप्पा २: परवाना, वैद्यकीय, भाषा

एटीपीएल हातात नसेल तर मालवाहू कंपनीत फर्स्ट ऑफिसर म्हणून जाता येते, परंतु पुढची कमांड, म्हणजे कॅप्टनपद, तिथेच अडते. एकूण १,५०० तासांशिवाय त्यात रात्रीच्या आणि उपकरणांवरील उड्डाणाच्या किमान तासांच्या स्वतंत्र अटी आहेत. साहेबांचे विमान बहुधा दिवसा उडते, त्यामुळे बिझनेस जेटवरच्या माणसाकडे एकूण तास भरपूर आणि रात्रीचे तास तुटपुंजे, असे हमखास होते. रात्रीची परतीची फेरी को-पायलटच्या गळ्यात घालून मोकळे होण्याची सवय असलेल्या कमांडरनी हे विशेष लक्षात घ्यावे.

नेव्हिगेशन, हवामानशास्त्र आणि रेडिओ एड्स यांच्या लेखी परीक्षांना ७० टक्के गुण लागतात. त्यानंतर तोंडी परीक्षा असते. लेखी परीक्षा नोकरीत असतानाच देऊन टाका. बिझनेस जेटवर विमानतळाच्या खोलीत साहेबांची वाट पाहत बसण्यात जेवढा वेळ जातो, तेवढा अभ्यासाला पुरेसा आहे.

प्रथम वर्गाच्या वैद्यकीय प्रमाणपत्राची मुदत आणि इंग्रजी प्रावीण्याची मुदत एकदा पाहून घ्या. चौथ्या पातळीला तीन वर्षे, पाचव्या पातळीला सहा वर्षे. मुदत मुलाखतीच्या महिन्यातच संपत असेल तर आधीच नूतनीकरण करा.

तपासणी: परवाना, इन्स्ट्रुमेंट रेटिंग, रेडिओ परवाना, वैद्यकीय, भाषा आणि पासपोर्ट यांवरील नाव व जन्मतारीख अक्षरशः एकसारखी आहे का? आडनावाच्या स्पेलिंगमधला एका अक्षराचा फरक कोकणातल्या आडनावांत फार सापडतो.

## टप्पा ३: कोणत्या विमानासाठी जायचे ते ठरवा, पैसे मात्र भरू नका

भारतात मालवाहू ताफ्यांत प्रामुख्याने तीन कुळे दिसतात. ब्लू डार्टकडे बोइंग ७५७ आणि ७३७-८०० आहेत, क्विकजेटकडे ७३७-८००, तर इंडिगोच्या मालवाहू शाखेकडे प्रवासी विमानातून रूपांतरित केलेली एअरबस ए-३२१ आणि प्रधान एअरकडे ए-३२० आहे. ए-३२० आणि ए-३२१ एकाच टाइप रेटिंगमध्ये येतात. ७५७ आणि ७६७ यांचे रेटिंगही अनेक देशांत सामाईक धरले जाते, परंतु ७५७ चे उत्पादन २००४ मध्येच थांबले आहे, हे ध्यानात असू द्यावे.

स्वखर्चाने रेटिंग करून मग नोकरी शोधणे हा या प्रवासातला सर्वांत वाईट निर्णय आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. रेटिंग केल्यावर त्या विमानावर प्रत्यक्ष उड्डाण झाले नाही तर ते शिळे होत जाते, आणि पुन्हा सिम्युलेटरचा खर्च करावा लागतो. आंब्याची बाग गहाण ठेवून हे करू नका. कंपनीने निवडल्यावर ती रेटिंग स्वतः करून देते की खर्च तुमच्याकडून घेते, बाँड (ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचा करार) किती वर्षांचा आहे आणि मध्येच सोडल्यास रक्कम कशी वजा होते, हे लेखी घ्या. बाँडची रक्कम वर्षागणिक कमी होते की शेवटच्या दिवसापर्यंत तेवढीच राहते, हा प्रश्न बहुतेक जण विचारायलाच विसरतात.

किंग एअर बी-२०० चे कमाल उड्डाणवजन १२,५०० पौंड, म्हणजे सुमारे ५,६७० किलो, ५,७०० किलोंच्या मर्यादेच्या जरासे आत आहे. ७३७-८०० चे कमाल उड्डाणवजन सुमारे ७९ टन असते. त्यामुळे जाहिरातीत कमांडसाठी नुसते तास मागितले आहेत, की ठरावीक वजनावरील वा जेट विमानावरील तास मागितले आहेत, ते शब्द बोटाखाली धरून वाचा. बी-२०० वर दोन हजार तास कमांड केलेल्या माणसाला मालवाहू कंपनीत पुन्हा उजव्या खुर्चीत बसावे लागू शकते. हे घरी आधीच सांगून ठेवा. पहिला पगार सध्याच्यापेक्षा कमी असू शकतो, आणि तो आकडा लग्नाच्या बोलणीत आधीच सांगितला गेलेला असेल तर पंचाईत होते.

## टप्पा ४: करार वाचा, मगच राजीनामा

डीजीसीएच्या २०१७ च्या नियमानुसार हवाई वाहतूक करणाऱ्या उपक्रमातील कमांडरने एक वर्षाची आणि को-पायलटने सहा महिन्यांची नोटीस द्यायची असते. तुमची कंपनी भाड्याने उड्डाणे करत असेल, तर हा प्रश्न तुम्हालाही लागू होतो. विमान निव्वळ खासगी वापरासाठी नोंदवलेले असेल तर तुमच्या नेमणूकपत्रात जे लिहिले आहे ते महत्त्वाचे. तुमचे विमान कोणत्या प्रवर्गात आहे हे नोंदणीच्या कागदावरून पाहा, ‘आपले विमान तर साहेबांचेच आहे’ या समजुतीवर जाऊ नका.

क्रम असा ठेवा. आधी नव्या कंपनीचे लेखी नेमणूकपत्र, त्यात रुजू होण्याची तारीख तुमच्या नोटीसकाळाशी जुळणारी. मग राजीनामा. मग एनओसीची (ना हरकत पत्राची) मागणी, लेखी, पोचपावतीसह. नोटीस कमी करून मिळण्याची विनंती करायची असेल तर ती आधी तोंडी करा, कारण लहान कंपनीत हा निर्णय बहुधा एकच माणूस घेतो आणि तो पत्र पाहून चिडण्याची शक्यता जास्त असते. माझ्या एका जुन्या मालकांनी माझे पत्र दोन महिने टेबलाच्या खणात ठेवले होते. पोचपावती नव्हती, म्हणून दोन महिने गेले ते गेलेच.

नोटीसकाळात उडत राहणे हा यातला महत्त्वाचा भाग आहे. नव्वद दिवसांतली तीन उड्डाणे आणि तीन उतरणी, इन्स्ट्रुमेंट रेटिंगची तपासणी, प्रवीणता चाचणी, यांपैकी काहीही या काळात शिळे होऊ देऊ नका. घरी बसून वाट पाहणाऱ्याचा परवाना कागदावर जिवंत असतो, परंतु हात गंजलेला असतो आणि सिमच्या चाचणीत तो पहिल्या दहा मिनिटांत दिसतो.

तपासणी: जुन्या कंपनीचा विमानतळ प्रवेशपास परत केल्याची पावती घेतली का? नव्या पासच्या अर्जाच्या वेळी तिची गरज पडते, आणि ती नसल्यामुळे रुजू होऊनही आठवडे बसून राहिलेले लोक आहेत.

## टप्पा ५: अर्ज आणि मुलाखत

बायोडेटा दोन पानांचा पुरे. एकूण तास, कमांडचे तास, प्रत्येक विमानप्रकाराचे तास, रात्र, उपकरणे, शेवटच्या बारा महिन्यांतले तास, आणि शेवटच्या उड्डाणाची तारीख. कोणत्या मंत्र्याला किंवा नटाला नेले याचा उल्लेख मुळीच करू नये. तो वाचणाऱ्याला तुम्ही गोपनीयता पाळत नाही एवढेच कळते.

‘मालवाहू का?’ हा प्रश्न येतोच. ‘प्रवाशांची कटकट नको’ हे उत्तर ऐकून समोरचा हसतो, पण गुण देत नाही. तुमच्याकडे सांगण्यासारखे खरे मुद्दे आहेत. बिझनेस जेटचा वैमानिक इंधनाचा हिशेब, पर्यायी विमानतळ, हवामान, परवानग्या हे सारे स्वतः करतो. नियंत्रण मनोरा मर्यादित वेळ चालणाऱ्या लहान धावपट्ट्यांवर तो उतरलेला असतो. पावसाळ्यात सिंधुदुर्गच्या चिपी विमानतळाच्या माथ्यावर ढग बसलेले असताना परत फिरण्याचा निर्णय तुम्ही कधी घेतला असेल, मागे साहेब घड्याळ पाहत असताना घेतला असेल, तर तो प्रसंग तारीख, ढगांची उंची, उरलेले इंधन या तपशिलासह सांगा. तसा निर्णय घेतलाच नसेल, तर कल्पून सांगू नका. पुढचे तीन प्रश्न ते उघडे पाडतात.

## टप्पा ६: सिम्युलेटरची चाचणी

बिझनेस जेटवरची माणसे सर्वाधिक इथे पडतात, आणि ती हात वाईट असल्याने पडत नाहीत. अनेक वर्षे त्याच एका सोबत्याबरोबर उडल्यामुळे ठरावीक शब्दांतली हाक आणि तिला ठरावीक शब्दांतले उत्तर, ही शिस्त निघून गेलेली असते. एकाने भुवई उंचावली की दुसरा फ्लॅप खाली घेतो. सिममध्ये शेजारी अनोळखी माणूस असतो आणि मागे बसलेला परीक्षक बरोबर हेच मोजत असतो.

मी एकदा मागे बसलो असताना एका अनुभवी कमांडरने इंजिन बंद पडताच रडर बरोबर दिला, नाक बरोबर उचलले, मग स्वतःच हात पुढे करून गिअर वर घेतले, स्वतःच रेडिओवर बोलले आणि स्वतःच चेकलिस्ट काढली. शेजारच्या मुलाचे दोन्ही हात मांडीवर होते. उड्डाण सुंदर होते, आणि त्यांना आम्ही घेतले नाही.

तयारी घरी खुर्चीत बसून, मोठ्याने बोलून करायची असते. उड्डाणाआधीची ब्रीफिंग, मग उड्डाण घेतानाच्या ठरावीक हाका: व्ही-वन, रोटेट, पॉझिटिव्ह क्लाइम्ब, गिअर अप. चारशे फुटांपर्यंत विमान सांभाळण्यापलीकडे काही करायचे नाही, ही शिस्त तोंडात बसली पाहिजे. ज्या कंपनीत जात आहात तिचे शब्द मिळाले तर तेच वापरा.

हातांसाठी काही आकडे डोक्यात हवेत. तीन अंशांच्या उतरणीवर जमिनीवरचा वेग पाचाने गुणला की खाली येण्याचा दर मिळतो, म्हणजे १४० नॉटला मिनिटाला ७०० फूट. उंचीच्या हजारांना तीनने गुणले की सागरी मैलांत अंतर मिळते, दहा हजार फुटांसाठी तीस मैल. सपाट उडताना साधारण एका मैलात दहा नॉट वेग कमी होतो, असे धरून चालावे. किंग एअरमध्ये पॉवर मागे घेतली की पंखे ब्रेकसारखे लागतात. सत्तर टनांचे जेट तसे थांबत नाही, आणि उंच व वेगात राहिलेल्या माणसाला शेवटच्या पाच मैलांत ते उमगते.

चाचणीत साधारण कच्च्या उपकरणांवर (स्वयंचलित मार्गदर्शनाशिवाय) आयएलएस, म्हणजे रेडिओ संकेतांच्या आधारे उतरणे, होल्डिंग (ठरलेल्या जागी घिरट्या), उड्डाणात एक इंजिन बंद, एका इंजिनावर गो-अराउंड (उतरणे सोडून पुन्हा वर जाणे) एवढे असते. ढगांत हजार फुटांवर, मोकळ्या हवेत पाचशे फुटांवर विमान वेग, उतरण्याचा दर आणि दिशा यांत स्थिर नसेल, तर गो-अराउंड करा. कोणी गो-अराउंड केल्यामुळे नापास झाल्याचे मी पाहिलेले नाही.

इशारा: चाचणीच्या आदल्या आठवड्यात पैसे देऊन सिमचे एक-दोन तास घेणे चांगले. आदल्या दिवशी घेऊ नका, कारण दमलेला माणूस दुसऱ्या दिवशी चुकीची सवयच घेऊन येतो.

## टप्पा ७: माल वाचायला शिका

साहेब जिन्यावरून चढताना दिसतात. माल मात्र तुम्ही कॉकपिटमध्ये बसलेले असताना मागच्या दारातून चढतो, आणि तो कसा बांधला आहे हे तुम्ही पाहायला न गेल्यास कोणी दाखवत नाही.

७५७ च्या मुख्य डेकवर साधारण पंधरा पॅलेटांच्या (माल बांधायच्या सपाट फळ्यांच्या) जागा असतात. प्रत्येक पॅलेटचे वजन, जागेचा क्रमांक आणि लोडशीटवरचा (मालाच्या वजनाच्या कागदावरचा) आकडा जुळला पाहिजे. जमिनीवरची कुलपे उभी आहेत का, जाळ्यांचे पट्टे ताठ आहेत का, पुढची अडवण आणि धुराचा पडदा जागेवर आहे का, हे टॉर्च घेऊन पाहावे. अफगाणिस्तानात बगराम येथे २९ एप्रिल २०१३ रोजी एक ७४७ मालवाहू विमान उड्डाणानंतर लगेच कोसळले. आत बांधलेल्या लष्करी वाहनांपैकी किमान एक सुटून मागे सरकले होते. वजनाची चूक ट्रिम शीटवर (विमानाच्या समतोलाच्या कागदावर) फक्त अंकांची चूक दिसते, आणि नाक उचलताना ती हातात येते.

आंब्याच्या दिवसांत हे नीट दिसते. एप्रिल-मे मध्ये पेट्यांच्या थप्प्या घाईने पॅलेटवर चढतात, शेवटच्या क्षणी आणखी वीस पेट्या येतात, आणि कागद मात्र जुनाच राहतो. ‘थोडेच आहे, कॅप्टन’ असे म्हटले जाते. थोडे किती, हे वजनकाट्यावर पाहून नवीन लोडशीट घेतल्याशिवाय दार बंद करू देऊ नका. पिकणारे फळ उष्णता सोडते, म्हणून कंपनीच्या पुस्तिकेत मालाच्या भागासाठी दिलेले तापमान लावा.

धोकादायक मालाचे प्रशिक्षण बिझनेस जेटवर झालेले असते, पण बहुतेकांना ते प्रवाशाच्या बॅगेतल्या पॉवर बँकेपुरतेच आठवते. इथे कॅप्टनला दिल्या जाणाऱ्या सूचनापत्रावर दररोज सही करायची असते. नऊ वर्ग, त्यांची लेबले, कोणता माल कोणाजवळ ठेवायचा नाही, हे पाठ हवे. कोरडा बर्फ कार्बन डायऑक्साइड सोडतो, म्हणून तो जिवंत पिलांच्या खोक्यांपासून दूर ठेवायचा असतो. सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या १ एप्रिल २०१६ पासून प्रवासी विमानात माल म्हणून नेता येत नाहीत, म्हणजेच त्या मालवाहू विमानातच येतात. दुबईजवळ ३ सप्टेंबर २०१० रोजी पडलेल्या ७४७ च्या मालात अशा बॅटऱ्या होत्या आणि धुरामुळे वैमानिकांना उपकरणे दिसेनाशी झाली होती.

मोठ्या मालवाहू विमानांच्या मुख्य डेकवर आग विझवणारा वायू बहुधा नसतो. हवेचा प्रवाह बंद करणे, दाब काढून घेणे आणि शक्य तितक्या लवकर उतरणे, असा मार्ग असतो. म्हणून ऑक्सिजन मास्क आणि गॉगल डोळे मिटून चढवता येईपर्यंत सराव करा. मुलाखतीत ‘मुख्य डेकवर धूर’ हा प्रश्न आला आणि उमेदवार बाटली शोधू लागला, तर त्याने पुस्तिका उघडलेली नाही हे कळते.

तपासणी: सूचनापत्रावर सही करण्याआधी मालाचा जागेचा क्रमांक प्रत्यक्ष पॅलेटशी जुळवला का?

## टप्पा ८: रात्रीचे जगणे आधी करून पाहा

मालवाहू जाळे रात्री चालते. संध्याकाळी शहराशहरांतून पार्सले गोळा होतात, मध्यरात्री मुख्य केंद्रावर पत्त्यांनुसार वेगळी केली जातात आणि पहाटे परत निघतात. रात्री दोन ते सकाळी सहा हा शरीराच्या सर्वांत खालच्या पट्टीचा काळ डीजीसीएच्या नियमांतही वेगळा ओळखला जातो. १४ ऑगस्ट २०१३ रोजी अमेरिकेत बर्मिंगहॅम येथे पहाटेच्या अंधारात उतरताना एक ए-३०० मालवाहू विमान धावपट्टीच्या अलीकडे आदळले. तपासात अस्थिर उतरणीबरोबर वैमानिकांच्या थकव्याचाही उल्लेख आहे.

नोकरी स्वीकारण्याआधी सुट्टीच्या चार-पाच दिवसांत हे घरी करून पाहा. रात्रभर जागा, सकाळी सातला झोपा. कोकणातल्या कौलारू घरात आठ वाजता कौलाच्या फटीतून ऊन येते, कोंबडा थांबत नाही, नऊला मासेवाली हाक मारते आणि दहाला कोणीतरी ‘अजून झोपलाय?’ असे विचारत खोलीत येतो. जाड काळे पडदे, मागच्या बाजूची खोली आणि घरातल्यांशी स्पष्ट बोलणे, हे तिन्ही लागते. कॉफीचा अर्धा परिणाम सुमारे पाच तास राहतो, म्हणून शेवटचा कप परतीच्या उड्डाणाच्या सुरुवातीला घ्यावा, उतरण्याच्या आधी नव्हे.

गावात राहून मुंबईत ड्युटी करण्याचा विचार अनेकांच्या मनात असतो. रत्नागिरीहून मुंबई साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास आहे, पावसाळ्यात कोकण रेल्वेचे वेळापत्रक बदलते आणि दरड कोसळली तर तेही राहत नाही. राखीव ड्युटीच्या दिवशी ठरलेल्या वेळेत विमानतळावर पोचता येईल इतक्या जवळ राहावेच लागते. नवी मुंबई विमानतळ सुरू झाला म्हणून बेस तिथे मिळेल असे धरून पनवेलला घर घेऊ नका. बेस कोणता, आणि तो बदलण्याचा हक्क कंपनीकडे आहे का, हे नेमणूकपत्रात पाहा.

आणखी एक. गणपतीच्या सुट्टीचा प्रश्न नेमणुकीच्या वेळीच विचारा. सणांच्या आधी पार्सलांची लाट येते आणि तेव्हाच सगळ्या कोकणवाल्यांना घरी जायचे असते. रोस्टर काढणाऱ्याला हे आधीच माहीत असले तर एका वर्षाआड तरी जमते.

## टप्पा ९: रेटिंग ते लाइन रिलीज

यानंतरचे बरेचसे काम कंपनी ठरवते: वर्ग, सिम, परीक्षा, मग देखरेखीखालची उड्डाणे आणि शेवटी लाइन रिलीज (देखरेखीविना उडण्याची मुभा). इथे तुमच्या हातात दोन गोष्टी आहेत. रेटिंगच्या वर्गाला जाण्याआधी विमानाच्या मर्यादा आणि लक्षात ठेवून करायच्या आपत्कालीन कृती पाठ करून जा, कारण वर्ग सुरू झाल्यावर त्यासाठी वेळ मिळत नाही. आणि प्रशिक्षकाने चूक दाखवल्यावर ‘आमच्याकडे असे करायचो’ हे वाक्य उच्चारू नका. तुमच्याकडची पद्धत कदाचित बरोबरही असेल, पण शेजारच्या खुर्चीतला माणूस ती शिकलेला नाही.

देखरेखीखालच्या प्रत्येक रात्रीनंतर लॉगबुक त्याच सकाळी भरा, जागतिक वेळेने, चाके थांबल्याच्या मिनिटापर्यंत. आठवड्याने भरू म्हणणाऱ्याच्या पहिल्या टप्प्यातल्या चुका नव्या विमानाच्या नावाखाली पुन्हा सुरू होतात. पहिल्या पावसाळ्यात ओल्या धावपट्टीवरच्या उतरणीसाठी लांबीचा हिशेब प्रशिक्षकाने विचारण्याआधी कागदावर मांडलेला असू द्या, आणि मालाचे वजन शेवटच्या क्षणी बदलले असेल तर तो पुन्हा मांडा.